लिनक्स लॅपटॉपवर फिंगरप्रिंट रीडर चालू करताना: आधी सेन्सरचा नंबर, मग बाकीचं

विंडोजमध्ये बोट लावलं की लॅपटॉप उघडायचा. लिनक्स टाकल्यापासून ती बोट ठेवायची जागा नुसतीच दिसते, अशी तक्रार माझ्याकडे वरचेवर येते. सांगणाऱ्याने बहुतेक वेळा एखादी अख्खी संध्याकाळ घालवलेली असते. इथून एक आज्ञा, तिथून दुसरी, असं करत निम्मी पॅकेजं टाकलेली, निम्मी काढलेली. मी आधी एकच गोष्ट विचारतो: सेन्सरचा नंबर काय? तो हातात आला की पुढचं काम दहा मिनिटांचं, तासाभराचं की न होणारं, हे तिथंच कळतं.

या लेखातल्या आज्ञा मी फोनवर सांगतो तशा, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या छोट्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या, आकडेही रोमनच. आडवी रेघ, तिरपी रेघ आणि टिंब जिथं दिसेल तिथं तसंच द्यायचं. ‘एफप्रिंटडी’ हा शब्द सारखा येईल: आधी एफ हे अक्षर, मग ‘प्रिंट’, शेवटी डी, मध्ये मोकळी जागा नाही.

नंबर कसा काढायचा

टर्मिनल उघडा आणि ही आज्ञा द्या:

एलएसयूएसबी

यूएसबीवर जोडलेल्या सगळ्या वस्तूंची यादी येईल. लॅपटॉपच्या आतले कॅमेरा, ब्लूटूथ आणि बहुतेक फिंगरप्रिंट रीडरही आतून यूएसबीलाच जोडलेले असतात. प्रत्येक ओळीत ‘आयडी’ या शब्दापुढे चार अक्षरं, मग विसर्गासारखी दोन टिंबं, मग आणखी चार अक्षरं दिसतील. पहिली चार कंपनीची, पुढची चार त्या वस्तूची.

०६सीबी म्हणजे सिनॅप्टिक्स. १३८ए म्हणजे व्हॅलिडिटी. ही कंपनी २०१३ मध्ये सिनॅप्टिक्सने घेतली, म्हणून लेनोव्होच्या जुन्या थिंकपॅड लॅपटॉपमध्ये एक नंबर आणि नव्यात दुसरा दिसतो. २७सी६ गूडिक्स, ०४एफ३ एलान, १सी७ए एजिस, आणि ०ए५सी ब्रॉडकॉम. फार जुन्या मशीनवर १४७ई म्हणजे युपेक किंवा ०८एफएफ म्हणजे ऑथेनटेक निघेल. ऑथेनटेक २०१२ मध्ये ॲपलने विकत घेतली.

दोन ठिकाणी माणसं चुकतात. एक, एलान टचस्क्रीनही बनवते आणि ब्रॉडकॉम ब्लूटूथही, त्यामुळे कंपनीचा आकडा जुळला म्हणून तीच ओळ रीडरची असं धरू नका. दोन, ओळीत ‘फिंगरप्रिंट’ हा शब्द असेलच असंही नाही. गूडिक्सचे कितीतरी सेन्सर तिथं ‘मिस्क’ एवढंच नाव दाखवतात.

यादीत काहीच सापडलं नाही तर मशीन बंद करून बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, जा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ‘सिक्युरिटी’ किंवा ‘आय/ओ पोर्ट’ या भागात रीडर चालू-बंद करायची सोय असते, आणि ऑफिसातून आलेल्या मशीनवर तो बंद करून ठेवलेला असू शकतो. तिथं चालू असूनही यादीत नसेल, तर तो यूएसबीऐवजी एसपीआय नावाच्या जोडणीवर असण्याची शक्यता मोठी. अशा सेन्सरना लिनक्सवर आधार फारच थोडा आहे.

नंबर मिळाला, आता त्याचं काय

लिनक्सवर बोटाचं सगळं काम दोन भागांत होतं. ‘लिबएफप्रिंट’ ही लायब्ररी सेन्सरशी बोलते, तिच्यात ड्रायव्हर असतात. ‘एफप्रिंटडी’ ही सेवा बाकीच्या प्रोग्रॅमना बोट तपासून देते. हा प्रकल्प डॅनियल ड्रेक यांनी मँचेस्टर विद्यापीठात शिकताना सुरू केला, आणि आज तो फ्रीडेस्कटॉपच्या छत्राखाली चालतो. चालणाऱ्या सेन्सरची यादी प्रकल्पाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर असते: एफप्रिंट डॉट फ्रीडेस्कटॉप डॉट ऑर्ग. तिथं आपले आठही आकडे-अक्षरं शोधायची. ‘माझापण गूडिक्स, मित्राचापण गूडिक्स, त्याचा चालतो’ या हिशेबाला अर्थ नाही. शेवटचं एक अक्षर बदललं तरी आतला सेन्सर वेगळा असू शकतो.

असं का, हे समजून घेतलं तर पुढच्या बऱ्याच अडचणी आपोआप उलगडतात. रीडर दोन जातींचे असतात. पहिल्या जातीचा सेन्सर बोटाचं चित्र काढून संगणकाकडे पाठवतो, आणि ठसे जुळवायचं काम लिबएफप्रिंट करते. त्यासाठी अमेरिकेतल्या एनआयएसटी या संस्थेची ठसे जुळवण्याची मोफत प्रणाली वापरली जाते. ती ठशाच्या रेषा कुठं संपतात, कुठं फाटा फुटतो, असे बिंदू शोधते. पण ती पूर्ण बोटाच्या ठशासाठी बनलेली आहे. नखाएवढ्या सेन्सरवर असे बिंदू मोजकेच सापडतात, म्हणून ड्रायव्हर असूनही काही छोटे सेन्सर नीट ओळखत नाहीत.

दुसऱ्या जातीत जुळवणी सेन्सरच्या चिपमध्येच होते. ठसा बाहेर येत नाही, संगणकाला फक्त ‘जुळला’ किंवा ‘नाही जुळला’ एवढं उत्तर मिळतं. लिबएफप्रिंटच्या १.९० आवृत्तीपासून या जातीला नीट आधार आला, आणि गेल्या काही वर्षांतल्या लॅपटॉपवर लिनक्समध्ये बोट चालतं ते बरंचसं यामुळेच. सिनॅप्टिक्स आणि गूडिक्स यांचे या जातीतले अनेक सेन्सर चांगले चालतात.

यादीत नंबर नसेल तर दोन वाटा उरतात. काही डेल लॅपटॉपमध्ये गूडिक्स किंवा ब्रॉडकॉमचा असा सेन्सर असतो ज्याचा ड्रायव्हर खुला नाही, पण उबुंटूसाठी बंद स्वरूपात मिळतो. त्या पॅकेजांच्या नावात ‘टीओडी’ ही अक्षरं असतात. दुसरी वाट म्हणजे जुन्या थिंकपॅडसाठी लोकांनी स्वतः लिहिलेला ड्रायव्हर. त्याबद्दल पुढं सविस्तर येईल. दोन्हींत बसत नसेल तर वेळ घालवू नका. ज्याचा ड्रायव्हरच नाही तो सेन्सर कुठल्याही आज्ञेने चालू होत नाही.

पॅकेजं टाकणं

खालच्या आज्ञांतलं ‘सुडो’ म्हणजे पुढची आज्ञा रूटच्या, म्हणजे मशीनच्या मुख्य प्रशासकाच्या, अधिकाराने चालवणं. उबुंटू, मिंट किंवा डेबियनवर:

सुडो एपीटी इन्स्टॉल एफप्रिंटडी लिबपॅम-एफप्रिंटडी

फेडोरावर:

सुडो डीएनएफ इन्स्टॉल एफप्रिंटडी एफप्रिंटडी-पॅम

आर्चवर ‘एफप्रिंटडी’ एवढं एकच पॅकेज पुरतं, लिबएफप्रिंट त्याच्याबरोबर येते.

सेन्सर चिपवर जुळवणी करणारा असेल तर त्याचं फर्मवेअरही, म्हणजे चिपच्या आतलं सॉफ्टवेअर, आत्ताच बघून घ्या. ०६सीबी:००बीडी हा सिनॅप्टिक्सचा सेन्सर थिंकपॅड टी४९० आणि टी१४ च्या पहिल्या पिढीत येतो. नंबर यादीत असूनही फर्मवेअर जुनं असल्यामुळे तो चालत नाही, असं त्याच्याबाबतीत झालेलं आहे. दोन आज्ञा पुरतात:

एफडब्ल्यूयूपीडीएमजीआर रिफ्रेश
एफडब्ल्यूयूपीडीएमजीआर अपडेट

या वेळी चार्जर लावलेला असू द्या, कारण हीच आज्ञा बायोसचं अपडेटही आणू शकते. काम झाल्यावर मशीन पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा.

आणखी एक. ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस एफप्रिंटडी’ करून बघितलं तर सेवा निष्क्रिय दिसेल आणि जीव घाबरेल. घाबरायचं काही नाही. ही सेवा कोणी बोलावलं की जागी होते आणि काम नसलं की अर्ध्या मिनिटात स्वतःहून थांबते. तिला कायमची चालू करायची गरज नसते.

बोटाची नोंद

आज्ञा साधी आहे:

एफप्रिंटडी-एन्रोल

काहीच सांगितलं नाही तर ती उजव्या हाताची तर्जनी धरते. दुसरं बोट हवं असेल तर ‘-एफ’ देऊन बोटाचं नाव लिहायचं. डाव्या तर्जनीसाठी ‘लेफ्ट-इंडेक्स-फिंगर’, उजव्या अंगठ्यासाठी ‘राइट-थंब’.

इथं पुढं ‘सुडो’ लावू नका. लावलं तर नोंद तुमच्या नावावर न होता रूटच्या नावावर होते, सगळं यशस्वी झाल्याचा संदेश येतो, आणि नंतर लॉक पडद्यावर बोट चालतच नाही. ‘एन्रोल-कम्प्लिटेड’ आलं होतं असं शपथेवर सांगणाऱ्या किती जणांचं दुखणं हेच निघालं आहे! सुडोशिवाय आज्ञा दिली की पासवर्ड विचारणारी खिडकी येते, तिथं तो टाकायचा.

मग बोट ठेवा, उचला, परत ठेवा. दर वेळी ‘एन्रोल-स्टेज-पास्ड’ दिसेल. किती वेळा, हे सेन्सरवर अवलंबून असतं. दर वेळी बोट जरा हलवून ठेवा: एकदा मधोमध, एकदा थोडं डावीकडं, एकदा उजवीकडं, एकदा शेंड्याजवळ. सेन्सर लहान असतो आणि रोजच्या घाईत बोट दर वेळी त्याच जागी पडत नाही. नोंद करताना फार नेमकेपणाने एकाच जागी बोट ठेवणाऱ्याला नंतर त्रास होतो. ‘रिट्राय-स्कॅन’ आलं तर नुसतं पुन्हा ठेवायचं आहे, काही बिघडलेलं नाही.

बोट कोरडं आणि स्वच्छ हवं. रेशन दुकानात ई-पॉस मशीनवर अंगठा लागत नाही म्हणून ताटकळलेली म्हातारी माणसं आपल्याकडं पुष्कळांनी पाहिली आहेत. कारण तेच: शेतीत, बांधकामात, भांडी घासण्यात झिजलेल्या बोटांच्या रेषा उथळ होतात. घरातल्या अशा माणसासाठी लॅपटॉप लावून देत असाल तर कमी कामाच्या हाताचं बोट घ्या, एखादं मधलं बोटही नोंदवा, आणि पासवर्डची सवय सोडवू नका. पावसाळ्यात ओलसर हाताचं बोट नाकारलं जातं, तेव्हा रुमालाने पुसून पुन्हा लावायचं. दोन्ही तर्जनी नोंदवून ठेवणं मी सगळ्यांनाच सुचवतो, म्हणजे एका बोटाला कापलं तरी काम अडत नाही.

नोंद झाली की तपासा:

एफप्रिंटडी-व्हेरिफाय

‘व्हेरिफाय-मॅच’ आलं पाहिजे. मग मुद्दाम नोंद नसलेलं बोट लावा, ‘व्हेरिफाय-नो-मॅच’ यायला हवं. ही दुसरी चाचणी बहुतेक जण करत नाहीत. जरूर करा.

टर्मिनल नको असेल तर हेच काम ग्नोम या डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये यूझर्सच्या पानावर ‘फिंगरप्रिंट लॉगिन’ इथं होतं, आणि केडीई प्लाझ्माच्या ५.२४ आवृत्तीपासून तिथंही यूझर्सच्या पानावर सोय आहे. तरी पहिल्यांदा मी टर्मिनलच वापरायला सांगतो, कारण अडलं तर नेमकं कुठं अडलं ते तिथं शब्दांत दिसतं.

बोट कुठं कुठं चालेल, हे ठरवणं

आतापर्यंत रीडर चालला, पण सुडो अजून पासवर्डच मागेल. ओळख तपासण्याचं काम लिनक्समध्ये ‘पॅम’ करतं, आणि त्याला बोटाबद्दल सांगावं लागतं. घाईत या टप्प्यावर चूक झाली तर स्वतःच्याच मशीनबाहेर राहायची वेळ येते. म्हणून आधी एक वेगळं टर्मिनल उघडून त्यात ‘सुडो -आय’ करा आणि काम संपेपर्यंत ते बंद करू नका. काही चुकलं तर तिथं तुम्ही आधीच रूट असता, झालेला बदल तिथूनच मागं घेता येतो.

उबुंटू आणि डेबियनवर:

सुडो पॅम-ऑथ-अपडेट

पडद्यावर यादी येते. बाण वापरून फिंगरप्रिंटच्या ओळीवर जा, स्पेसबारने खूण करा, टॅबने ‘ओके’वर जाऊन एंटर. इतर खुणांना हात लावू नका.

फेडोरावर:

सुडो ऑथसिलेक्ट इनेबल-फीचर विथ-फिंगरप्रिंट

आर्चवर फाइल हातानेच बदलायची असते. सुडोसाठी ती /ईटीसी/पॅम.डी/सुडो. तिच्यात पहिल्या ‘ऑथ’ ओळीच्या वर ही ओळ घाला:

ऑथ सफिशियंट पॅम_एफप्रिंटडी.एसओ

‘सफिशियंट’चा अर्थ, हे जुळलं तर पुरे, नाही जुळलं तर खालच्या ओळीवर जा, म्हणजे पासवर्डवर. इथं ‘रिक्वायर्ड’ लिहिलं तर रीडर बिघडला त्या दिवशी पासवर्ड माहीत असूनही काही करता येणार नाही.

ही हाताने ओळ घालायची पद्धत उबुंटूवरही चालते, आणि मला ती जास्त आवडते. पॅम-ऑथ-अपडेट बोटाला एका झटक्यात सगळीकडं नेतं. एकेका फाइलमध्ये ओळ घातली तर बोट कुठं चालेल हे तुम्ही ठरवता.

आता नवं टर्मिनल उघडा. ‘सुडो -के’ देऊन आधीची ओळख विसरायला लावा, मग ‘सुडो एलएस’ द्या. बोट लावायची सूचना आली, बोट लावलं, यादी दिसली, तर झालं. आणखी एकदा ‘सुडो -के’ करून या वेळी चुकीची बोटं लावा आणि शेवटी पासवर्ड विचारला जातो ना, याची खात्री करा. त्यानंतरच ते रूटचं टर्मिनल बंद करा.

लॉगिनला मात्र पासवर्डच

बोटाने लॉगिन केलं की थोड्या वेळात ‘कीरिंग उघडण्यासाठी पासवर्ड द्या’ अशी खिडकी येते, आणि लोकांना वाटतं काहीतरी बिघडलं. बिघडलेलं काही नसतं. वायफायचे, मेलचे, ब्राउझरचे पासवर्ड ज्या पेटीत राहतात ती तुमच्या लॉगिनच्या पासवर्डने कुलूपबंद केलेली असते. बोट फक्त ‘हाच तो माणूस’ एवढं सांगतं; त्यातून किल्ली तयार होत नाही. केडीईच्या वॉलेटचंही असंच. ही खिडकी टाळायला पेटीचा पासवर्ड रिकामा ठेवा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो कृपा करून घेऊ नका. तसं केलं तर आतलं सगळं डिस्कवर उघडं पडतं.

माझी पद्धत अशी आहे: मशीन चालू केल्यावर पहिलं लॉगिन पासवर्डने, दिवसभर लॉक उघडणं आणि सुडो बोटाने. पासवर्ड दिवसातून एकदा टाइप होतो म्हणून तो लांब ठेवता येतो, आणि विसरतही नाही. एन्क्रिप्ट केलेली डिस्क सुरुवातीला जो पासवर्ड मागते तिथंही बोट चालत नाही, त्या वेळी एफप्रिंटडी सुरूच झालेली नसते. आणि डिस्क एन्क्रिप्ट केलेली असावीच, कारण पहिल्या जातीच्या सेन्सरचे नोंदवलेले ठसे तिच्यावरच, /व्हार/लिब/एफप्रिंट या फोल्डरमध्ये राहतात. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, ठसा बदलता येत नाही.

थिंकपॅड टी४८० असेल तर

वापरलेल्या लॅपटॉपच्या बाजारात हे मशीन खूप दिसतं, म्हणून त्याची वेगळी वाट सांगतो. यात सेन्सर ०६सीबी:००९ए असतो. नंबर सिनॅप्टिक्सचा असला तरी आतली रचना जुन्या व्हॅलिडिटीची आहे आणि लिबएफप्रिंट तो चालवत नाही. त्यासाठी ‘पायथन-व्हॅलिडिटी’ नावाचा वेगळा ड्रायव्हर आहे. तो १३८ए:००९० आणि १३८ए:००९७ हे आणखी जुने सेन्सरही चालवतो.

तो नेहमीच्या एफप्रिंटडीच्या जागी ‘ओपन-एफप्रिंटडी’ वापरतो, दोन्ही एकत्र नांदत नाहीत. म्हणून वर सांगितलेलं एफप्रिंटडी आधी काढून टाका. मग उबुंटूवर:

सुडो ॲड-एपीटी-रिपॉझिटरी पीपीए:यूयूनिकॉर्न/ओपन-एफप्रिंटडी
सुडो एपीटी इन्स्टॉल ओपन-एफप्रिंटडी एफप्रिंटडी-क्लायंट्स पायथन३-व्हॅलिडिटी

यूयूनिकॉर्नमध्ये सुरुवातीला यू दोनदा आहे. तुमच्या उबुंटूच्या आवृत्तीसाठी तिथं पॅकेज आहे ना, हे आधी पाहा. टाकताना इंटरनेट लागतं, कारण सेन्सरचं फर्मवेअर निर्मात्याच्या विंडोज ड्रायव्हरमधून काढून घेतलं जातं. त्यापुढं नोंदणी आणि पॅमचं काम वरच्याप्रमाणेच. मशीन झोपून उठल्यावर रीडर गप्प होत असेल तर ‘ओपन-एफप्रिंटडी-सस्पेंड’ आणि ‘ओपन-एफप्रिंटडी-रिझ्यूम’ या दोन सेवा सिस्टिमसीटीएलने इनेबल करा.

हे बाहेरचं पॅकेज तुमच्या पासवर्डच्या दारात बसणार आहे, हे लक्षात घेऊनच टाका. घरच्या मशीनवर मी ते वापरायला सांगतो. जिथं दुसऱ्यांची माहिती आहे अशा कामाच्या मशीनवर नाही.

अडलं तर

झोपेतून उठल्यावर नेहमीचा रीडर सापडत नसेल तर ‘सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट एफप्रिंटडी’ करून बघा. दुसरं काही वागणं विचित्र वाटलं तर ‘जर्नलसीटीएल -यू एफप्रिंटडी’ देऊन शेवटच्या ओळी वाचा.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या मशीनवर एक खास अडचण येते. चिपवर जुळवणी करणाऱ्या सेन्सरमध्ये विंडोजने ठेवलेला ठसा आतच असतो. तेच बोट लिनक्समध्ये नोंदवायला गेलात की ‘एन्रोल-डुप्लिकेट’ येतं, किंवा नोंद नुसतीच फसते. जागा भरली असेल तर ‘एन्रोल-डेटा-फुल’ दिसतं. सोपा उपाय म्हणजे विंडोजसाठी एक बोट आणि लिनक्ससाठी दुसरं. नाहीतर विंडोजमध्ये जाऊन ठसे पुसा. विंडोज आधीच काढून टाकलं असेल तर थिंकपॅडच्या बायोसमध्ये ‘सिक्युरिटी’खाली ‘फिंगरप्रिंट’मध्ये ‘रीसेट फिंगरप्रिंट डेटा’ असतं. त्याने चिप रिकामी होते, मग नोंद नव्याने करायची.

आणि लॅपटॉप विकताना किंवा कोणाला देताना हीच गोष्ट उलट बाजूने लक्षात ठेवा. डिस्क फॉरमॅट केली तरी चिपमधला तुमचा ठसा जात नाही. फॉरमॅट करायच्या आधी ‘एफप्रिंटडी-डिलीट’ आणि पुढं आपलं यूझरनेम द्या, ‘एफप्रिंटडी-लिस्ट’ने यादी रिकामी झाल्याचं पाहा, बायोसमध्ये रीसेटची सोय असेल तर तेही करा, आणि मगच मशीन हातावेगळं करा.